बुरुलच्या पुढे बसलेला माणूस

मीरिमने बापासाठी हेल्मेट पाठवले, आणि तुर्दाकुनने त्याची अशी बडदास्त ठेवली की उच-बुलाक गावात तशी कुणी जावयाचीही ठेवली नसेल. फक्त ते डोक्यावर तेवढे घातले नाही.

बैठकीच्या खोलीत समोरच्या भिंतीवर त्याचा सैन्यातला फोटो होता आणि रानबोकडाची शिंगे होती. त्या दोहोंच्या मध्ये खिळा ठोकून हेल्मेट टांगण्यात आले. वरचे प्लास्टिक काढले नाही. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला भिंतीपाशी नेऊन सांगायचे, "लेकीनं पाठवलंय. वाजवून बघ." पाहुणा बोटाने टकटक वाजवून बघायचा आणि माल चांगला आहे अशा अर्थी मान डोलवायचा. एखादा आगाऊ निघायचाच. तो वडीलधाऱ्याला म्हणतात तसे 'आके' म्हणत विचारायचा, "मग घालत का नाही, आके?"

"एवढी चांगली वस्तू रस्त्यावर न्यायची? धूळ नाही का बसणार?"

खरे कारण वेगळे होते आणि ते त्याच्या डोक्यावरच बसलेले होते. लोकरीच्या पांढऱ्या नमद्याची, काळ्या काठाची उंच टोपी, म्हणजे कल्पाक. कल्पाक जमिनीवर ठेवायचा नसतो, पायाशी ठेवायचा नसतो, कुणाला देऊन टाकायचा नसतो, आणि झोपताना उशाशी ठेवायचा असतो, हे कळायला माणूस किरगिझ असला की पुरे. पण कल्पाकावर दुसरे काही चढवावे लागेल, ही वेळ पूर्वजांवर आली नव्हती, त्यामुळे त्याबद्दल ते काही सांगून गेले नव्हते. हेल्मेटवर कल्पाक राहत नाही आणि कल्पाकावर हेल्मेट बसत नाही. तुर्दाकुनने दोन्ही करून पाहिले होते. दार लावून.

शिवाय सलामाचा प्रश्न होता. उमेदीच्या काळात तुर्दाकुनने या खोऱ्यातल्या झाडून सगळ्या मेंढ्यांना लस टोचली होती. त्यामुळे त्याला बघून मेंढ्या पळत आणि माणसे उठून उभी राहत. त्याची सोव्हिएत अमदानीतली मोटारसायकल वळणावर दिसली, वर तो पांढरा कल्पाक दिसला, की लोक छातीवर हात ठेवून सलाम करत. तुर्दाकुन हँडलवरचा हात काढून सलाम घेई. गावातून जाताना दोन्ही हात काढावे लागत, कारण माणसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असत. एका बाजूचा सलाम घ्यायचा आणि दुसऱ्याचा सोडायचा, हे त्याच्या स्वभावात नव्हते.

मागे बुरुल बसलेली असे, त्याची बायको. मोटारसायकलला पूर्वी साइडकार होती, ती बुरुलने कोंबड्यांना दिली होती. तेव्हापासून ती मागे बसे आणि नवऱ्याचे दोन्ही हात सुटले की आपले दोन्ही हात त्याच्या पोटाभोवती आवळून धरी. मीरिम म्हणाली होती, "आई, तुझ्यासाठीही एक पाठवते." तर बुरुल म्हणाली, "मला कशाला? मी मागे बसते. जे काय यायचं ते आधी ह्याच्यावर येणार."

वाटेत तेरेक-बेल गाव लागे. तिथल्या दुकानापुढच्या बाकावर तुर्दाकुनचे वर्गमित्र बसलेले असत. कधीपासून बसलेले असत हे दुकानदारालाही आठवत नव्हते. तिथे हेल्मेटच्या विषयाची सांगोपांग चर्चा होऊन गेली होती.

"त्यानं कान बंद होतात," साग्यन म्हणाला होता. साग्यन हा त्या बाकाचा म्होरक्या. "मागून ट्रक आला तर कळणार कसं?"

"आणि कळलं तर काय करणार?" दुसऱ्याने विचारले.

"बाजूला होणार."

"तू कधी झालायस बाजूला?"

साग्यनने यावर विचार केला आणि विषय कपाळावर नेला. "कपाळावर लिहिलेलं टळत नाही."

कपाळ निघाल्यावर चर्चा नेहमीच संपते, तशी ती संपली.

मग एका संध्याकाळी मीरिमचा फोन आला. ही त्याची एकुलती एक लेक. जिल्ह्याच्या दवाखान्यात अपघाताच्या वॉर्डात नर्स होती आणि कारा-चाप गावात सासू-सासऱ्यांजवळ राहत होती.

"बाबा, अकजोल उभा राहायला लागला. परवा टेबल धरून अर्धी खोली फिरला. रविवारी दोरा कापायचा."

तुर्दाकुन फोन घेऊन उठून उभा राहिला. मूल चालायला लागले की त्याच्या दोन्ही पायांना मिळून काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात आणि तो सुरीने कापून त्याला पहिल्यांदा मोकळे सोडतात. जो कापेल त्याच्या वळणावर मूल जन्मभर चालते. इतर गावांत यासाठी पोरांची शर्यत लावतात, जिंकेल त्याने कापायचे. कारा-चापमध्ये मागे एका शर्यतीवरून दोन घरांचे बोलणे बंद झाले, तेव्हापासून तिथे शर्यत लावत नाहीत, घरातल्या थोरालाच बोलावतात. तुर्दाकुनला हा एकच नातू. अकजोल जन्मला त्या दिवशीच त्याने सुरीला धार लावून ठेवली होती.

"तुम्हीच कापायचा," मीरिम म्हणाली.

"मी नाही तर कोण कापणार?"

"पण हेल्मेट घालून यायचं. आपल्या दारापासून आमच्या दारापर्यंत. शेवटच्या वळणावर घातलेलं चालणार नाही."

तुर्दाकुन भिंतीकडे बघून खाकरला. "हे बघ पोरी, कपाळावर जे लिहिलंय..."

"ते वाचायला कपाळ जागेवर राहावं लागतं, बाबा. ज्यांचं राहत नाही ते माझ्याकडे येतात. जो कापेल त्याच्यासारखं पोर चालतं, हे तुम्हीच मला शिकवलं. माझा मुलगा दोन्ही हात सोडून रस्त्यानं जायला मला नकोय. घालून येणार असाल तर सुरी तुमची. नाहीतर माझे सासरे कापतील."

एवढे बोलून तिने फोन ठेवला.

सासरे म्हणजे ओस्मोनाली, तुर्दाकुनचा व्याही. माणूस भला होता, पण त्याच्याकडे मोटार होती, आणि ती आपल्याइतकी चांगली कुणाला चालवता येत नाही अशी त्याची समजूत होती. सुनेने गाडीत बसल्यावर पट्टा लावला की तो गाडी बाजूला घेऊन थांबवी आणि दुखावल्या आवाजात विचारी, "माझ्याबद्दल काही तक्रार आहे का, बाळ?" स्वतः त्याने पट्ट्याच्या खाचेत एक सुटे बक्कल खुपसून ठेवले होते, म्हणजे गाडी उगीच टीं टीं करत नाही.

"त्यानं कापला तर पोरगं ढेरी पुढे काढून चालेल," तुर्दाकुन म्हणाला.

"मग भिंतीवरनं काढ ते, म्हाताऱ्या," बुरुल म्हणाली.

रविवारी सकाळी त्याने ते काढले. प्लास्टिक राहू द्यावे असे त्याचे मत होते. बुरुलने ते दाताने फाडले. मग कल्पाक कुठे ठेवायचा यावर खल झाला. पिशवीत ठेवला तर पिशवी गुडघ्याशी लोंबणार, म्हणजे कल्पाक कमरेखाली आला. शेवटी बुरुलने तो आपल्या मखमली जाकिटाच्या आत, छातीशी ठेवला. तुर्दाकुनने हेल्मेट डोक्यावर ओढले. आत त्याला स्वतःचाच श्वास ऐकू आला. बऱ्याच वर्षांत त्याने तो ऐकला नव्हता.

पहिले गाव कोश-दोबो. पुलावर नेहमीची मंडळी उभी होती. तुर्दाकुनने सवयीने वेग कमी केला आणि डावा हात मोकळा केला. कुणी हलले नाही. त्याने मग आपणच छातीवर हात ठेवला. त्याबरोबर एकाने आपली मेंढी जवळ ओढून घेतली.

पुढे पाण्याच्या नळावर बायका होत्या. त्यांनी आधी मोटारसायकल ओळखली, मग बुरुलला ओळखले, आणि मग बुरुलने ज्याच्या पोटाला मिठी मारली होती त्या माणसाकडे बघता बघता त्यांच्या बादल्या भरून वाहू लागल्या.

"बुरुल एजे, कुठं निघालीस गं? आणि हा कोण?"

बुरुलने नुसता हात हलवला आणि पुन्हा घट्ट धरून बसली.

गाव मागे पडल्यावर तुर्दाकुन मान वळवून ओरडला, "मी आहे म्हणून सांगितलं का नाहीस?"

"पुढे बघ. तू थांबलास कुठे?"

"ओरडून सांगायचं."

"म्हाताऱ्या, त्या नळावरून मी जन्मभर जातेय. आज पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. बघू दे की थोडं."

खिंडीत पोलीस उभा होता. हा तुर्दाकुनच्याच कुळातला, दूरचा पुतण्या. एरवी कल्पाक दिसला की दांडके काखेत मारून सलाम करायचा. आज त्याने दांडके आडवे धरले.

"कागदपत्रं."

"अरे गाढवा, मी आहे."

पोलिसाने वाकून हेल्मेटच्या आत बघितले. त्याचा चेहरा उतरला. "आके? काय झालं? डोक्याला लागलंय का?"

"लागलं नाही. लागू नये म्हणून घातलंय."

"घरी सगळं ठीक ना?" पोलिसाने बुरुलकडे बघून हळू आवाजात विचारले. बुरुलने मान हलवली, पण त्याचे समाधान झाले नाही.

"तू हेल्मेटवाल्याला का अडवतोस?" तुर्दाकुनने विचारले. "न घातलेल्याला अडवायचं असतं ना?"

"आके, न घातलेले अडवायला लागलो तर खिंड बंद होईल. घातलेला असला म्हणजे बाहेरचा असतो. बाहेरच्याची चौकशी नको करायला?"

तुर्दाकुन पुढे निघाला. आता दोन्ही हात हँडलवर होते, कारण ते दुसरीकडे कुठे लागतच नव्हते. या रस्त्याला एवढे खड्डे आहेत हे त्याला आज कळले. एरवी खड्डे येत तेव्हा तो कुणा ना कुणाचा सलाम घेत असे.

तेरेक-बेलचे चिनार दिसू लागले तसा मात्र त्याचा धीर सुटला. कोश-दोबोचे लोक म्हणजे कोश-दोबोचे लोक. पण त्या बाकावर साग्यन होता. साग्यनने बसून राहावे आणि आपण समोरून परक्यासारखे निघून जावे? त्याने मोटारसायकल थांबवली, हेल्मेट काढून कोपरात अडकवले आणि मागे हात केला.

"कल्पाक दे."

बुरुलने जाकिटात हात घालून तो दिला. गरम झाला होता.

मग तेरेक-बेलमध्ये सगळे नेहमीसारखे झाले. बाक उठून उभा राहिला. छातीवर हात गेले. "सलाम आलेकुम, तुर्दाकुन, नातवाचा दोरा ना आज? तुझी बायको कुणा तरण्या गड्याबरोबर पळाली असं कोश-दोबोवाले सांगत होते." सगळे हसले. चहा झाला. साग्यनने कोपरातल्या हेल्मेटवर टकटक केले आणि म्हणाला, "असंच धर. कोपर कधी मोडायचं नाही."

गावाबाहेर आल्यावर तुर्दाकुनने पुन्हा हेल्मेट घातले आणि कल्पाक बुरुलकडे दिला.

"एकच तर गाव," तो म्हणाला. "तिला कसं कळणार?"

"मी काही सांगायची नाही," बुरुल म्हणाली. तिच्या म्हणण्यातला हा 'मी' तुर्दाकुनला आवडला नाही.

कारा-चापला दारातच गर्दी होती. तुर्दाकुनने हेल्मेट काढले तसा ओस्मोनालीने मोठा श्वास सोडला.

"हे तुम्ही होय, व्याही! सकाळपासून फोनवर फोन. आम्ही म्हटलं, विहीणबाईंनी या वयात दुसरं घर बघितलं."

"बघणार होते," बुरुल म्हणाली. "पण त्यालाही हाच रस्ता माहीत होता."

मीरिम आतून धावत आली. हाताला पीठ होते. तिने बापाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तो पांढरा झाला. "बाबा, मला सगळं कळलं. कोश-दोबोच्या नळावरून फोन आला की आई परक्या माणसाबरोबर चाललीय. पुलावरून आला. खिंडीतून पोलीसदादाचा आला, तुमच्या डोक्याला काय झालंय म्हणून. मी म्हटलं, तिथवर तर घातलेलं दिसतंय." ती हसत होती. लहानपणी वासराला पाणी पाजून आली की हसायची तशी. मग तिने बोटांवर गावे मोजली. "तेरेक-बेलहून कुणाचा आला नाही."

"तिथं लोक कामात होते."

"तेरेक-बेलमध्ये?" ओस्मोनाली म्हणाला.

तेवढ्यात मीरिमच्या ओढणीखालचा फोन वाजला. हाताला पीठ म्हणून तिने कोपराने बटण दाबले, आणि साग्यनचा भरदार आवाज अंगणभर झाला.

"मीरिम बाळ, ते कोश-दोबोवाले काहीबाही बोलतायत त्याकडे लक्ष देऊ नकोस. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुझी आई तुझ्या बापाबरोबरच आहे. इथं चहा घेऊन गेले. डोक्यावर कल्पाक, काय रुबाब म्हणून सांगू. हेल्मेट कोपरात. अगदी सुखरूप."

साग्यनने चांगल्या मनाने केलेले हे आयुष्यातले बहुधा पहिलेच काम.

अंगणात बोर्सोकांच्या कणकेचे गोळे तळणीत तडतडत राहिले. मीरिमने फोन बंद केला. ती रागावली असती तर तुर्दाकुनला सोपे गेले असते. रागावर त्याच्याकडे उत्तरे होती.

"बाबा, मी ज्यांची डोकी बांधते ना, त्यांच्यातल्या एकाचाही कल्पाक खराब झालेला नसतो," ती हळूच म्हणाली. "घरचे लोक आणून उशाशी ठेवतात. स्वच्छ असतो. नवा वाटावा असा."

मग ती आत गेली.

तुर्दाकुन तिथेच उभा राहिला. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला तेरेक-बेलच्या झापारचा कल्पाक दवाखान्यात त्यानेच नेऊन दिला होता. झापार म्हणजे त्या बाकावरचा तिसरा. अपघातानंतर रस्त्यावरून उचलला तेव्हा कल्पाकाला गवताची एक काडी चिकटली होती, ती तुर्दाकुनने झटकली होती. वॉर्डाच्या दारात तो मीरिमच्याच हातात दिला होता. त्यानंतर बाकावर जागा झाली, आणि ती भरायला सगळे थोडे थोडे पसरून बसले. त्यावर कुणी काही बोलले नव्हते. बोलायची वेळ आली तेव्हा साग्यनने कपाळ काढले होते.

ओस्मोनाली सुरी पुसत बाहेर आला. त्याला आनंद झाला होता आणि तो लपवण्याइतका तो सभ्य होता. "व्याही, मनाला लावून घेऊ नका. कुणीतरी कापायचाच ना? या, आत बसा."

"आलोच," तुर्दाकुन म्हणाला.

त्याने हेल्मेट घातले, पट्टा हनुवटीखाली ओढून बसवला, आणि मोटारसायकलला किक मारली.

मागे कुणीतरी म्हणाले, "रुसला वाटतं." बुरुलचा आवाज आला, "येईल. बोर्सोक द्या इकडे, गरम आहेत तोवर."

तो आला होता त्याच रस्त्याने परत निघाला. तेरेक-बेल लांब नव्हते. चिनारांपाशी हात आपोआप हनुवटीकडे गेला, तो त्याने पुन्हा हँडलवर नेऊन ठेवला. समोर बाक दिसू लागला. मग बाकावरचे चेहरे दिसू लागले. मग ते सगळे उठून उभे राहिले.

सलामाला नव्हे.

"अरे, ती तुर्दाकुनची गाडी," कुणीतरी ओरडले. "आणि वर कोण आहे?"

"मागे बुरुल नाही."

"चोर. धरा त्याला."

तुर्दाकुन त्यांच्या अगदी समोरून गेला. थांबून सांगावेसे त्याला फार वाटले. पण थांबले की हेल्मेट काढावे लागणार, आणि काढले की चहा येणार. तो शेवटच्या घरापर्यंत गेला, तिथे वळला आणि पुन्हा त्यांच्या पुढून निघाला. आता बाक आडवा पडलेला होता. साग्यन दुकानदाराच्या घोड्यावर चढण्याच्या खटपटीत होता, बाकीचे एका जुन्या मोटारीला ढकलत होते, आणि एकाच्या कानाला फोन होता. तो फोन बघून तुर्दाकुनचा जीव भांड्यात पडला.

त्या फोनवरचे बोलणे बुरुलने त्याला नंतर पदरची भर न घालता सांगितले. पहिला फोन असा होता: "मीरिम, घाबरू नकोस, पण हेल्मेट घातलेला एक बदमाश तुझ्या बापाची गाडी घेऊन गेला." दुसरा असा: "तोच परत उलटा गेला. भलताच निर्ढावलेला आहे. आम्ही मागे लागलोय. तुझ्या बापाला सांग, त्याचं नुकसान होऊ देणार नाही." आणि हे ऐकताना मीरिम भिंतीला टेकून खाली बसली, आणि तिला हसू येतेय की रडू हे विचारायला ओस्मोनालीला धीर झाला नाही.

तुर्दाकुन कारा-चापच्या दारात शिरला तेव्हा त्याच्यामागे साग्यन घोड्यावर चाबूक उगारून होता, आणि साग्यनच्या मागे धुळीत ती मोटार होती.

"धरा. दार लावा," साग्यन ओरडत आला.

तुर्दाकुनने हेल्मेट काढले. साग्यनचा चाबूक वरच्या वर राहिला.

"तू? मग गाडी कुणी चोरली?"

"मीच."

साग्यनने यावर थोडा वेळ विचार केला. घोडाही थांबला. "ओळख नाही द्यायची? मी या वयात घोड्यावर बसलो."

"चांगला बसलास," तुर्दाकुन म्हणाला. मग तो लेकीकडे वळला. "तेरेक-बेलहून फोन आला का?"

"दोनदा," मीरिम म्हणाली.

"मग?"

तिने सासऱ्यांपुढे हात केला. ओस्मोनालीने सुरी तिच्या हातात ठेवली, आणि ती ठेवताना म्हणाला, "नाहीतरी माझे गुडघे दुखतात. पोरगं त्या वळणावर जायला नको."

अंगणात नमदा अंथरला होता. त्यावर अकजोलला उभे केले होते, दोन्ही पायांना काळा-पांढरा दोरा. तुर्दाकुन काखेत हेल्मेट घेऊन पुढे झाला तसे त्या पोराने एकदा हेल्मेटकडे आणि एकदा त्याच्याकडे बघितले आणि भोकाड पसरले. बुरुलने जाकिटातून कल्पाक काढला, आजोबाच्या डोक्यावर ठेवला, आणि रडणे तिथल्या तिथे थांबले.

"बघ," साग्यन म्हणाला. "पोराला कळतं."

"पोराला डोकं ओळखू आलं," मीरिम म्हणाली. "ते होतं म्हणून."

आता हातातले हेल्मेट ठेवायचे कुठे हा प्रश्न आला. तुर्दाकुन ते जमिनीवर ठेवायला वाकला, तर मीरिमने ते दोन्ही हातांनी घेतले. आत नेऊन तिने ते मानाच्या जागी, रजयांच्या चळतीवर, जिथे पाहुण्यांचे कल्पाक ओळीने ठेवले होते तिथे ठेवले. ओस्मोनालीने आपला कल्पाक जरासा सरकवून जागा करून दिली.

तुर्दाकुन गुडघ्यावर बसला. दोरा त्या मऊ पायांना इतका सैल बांधला होता की सुरीची गरजच नव्हती, पण त्याला तो कापायला बराच वेळ लागला. डोळ्यांत धूळ गेली होती. हेल्मेटला पुढे काच असते ती खाली ओढायची असते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

दोरा तुटला. अकजोल एक पाऊल गेला, दुसरे गेला, मग दोन्ही हात हवेत सोडून त्याने तिसरे टाकले आणि तो धपकन बसला.

"आजोबावर गेला," ओस्मोनाली म्हणाला.

"पण बसला," बुरुल म्हणाली. "डोक्यावर नाही पडला."

चोर पकडायला आलेल्या मंडळींना आत वरच्या अंगाला बसवले. मेंढीचे मानाचे डोके साग्यनच्या पुढे ठेवण्यात आले, कारण तो घोड्यावरून आला होता. त्याने ते समाधानाने कापून वाटले. कान अकजोलला दिला. मग सहज म्हणावे तसे म्हणाला, "हे हेल्मेट, मीरिम, ते कल्पाकाच्या मापाचं नाही का करत कुणी?"

"तुमच्या मापाचं आहे, काका."

"मी विचारलं नुसतं."

परत जाताना तुर्दाकुन तेरेक-बेलमधून हेल्मेट घालूनच गेला. बाकावरची मंडळी जेवून मागाहून यायची होती, तरी रिकाम्या बाकालाही त्याने मान लववली. बाक कुणीतरी सरळ उभा केला होता. कोश-दोबोच्या नळावर बायका अजून होत्या.

"एजे, सांग तरी, कोण आहे हा?"

"माझाच आहे," बुरुल म्हणाली. "जुनाच. वरून तेवढा नवा."

ही गोष्ट गेल्या वसंतातली. पुढच्या महिन्यात मीरिमने दुसरे हेल्मेट आणले. ते लाल होते, कारण बुरुलने तसे सांगितले होते. ते भिंतीवर टांगले गेले नाही. पहिल्यांदा ती दोघे दोन हेल्मेटे घालून निघाली तेव्हा तुर्दाकुनची मोटारसायकल आता टोळीच पळवून नेते आहे असे खिंडीपर्यंत कळले होते, पण या वेळी कुणी मागे लागले नाही.

साग्यनने मात्र हेल्मेट घेतले नाही. त्याच्या कपाळावर ते लिहिलेले नाही असे तो म्हणतो, आणि मीरिम ते लिहायच्या प्रयत्नात आहे. पण त्याने आपल्या परीने एक नियम केला आहे. तेरेक-बेलमधून हेल्मेट घातलेला कुणीही गेला, मग तो जिल्ह्याचा टपालवाला असो, सायकलवर जग फिरायला निघालेला परदेशी असो की ट्रकमधून मोटारसायकल उतरवून ती तपासायला निघालेला मेकॅनिक असो, सगळा बाक उठून उभा राहतो आणि छातीवर हात ठेवून सलाम करतो.

आत तुर्दाकुन असेल. उगीच जोखीम कशाला?